पलटी नांगर पलटत नाही, तेव्हा...

खरिपाचे पीक निघाले आहे, जमिनीला चांगला वापसा आहे आणि ट्रॅक्टरमागे पलटी नांगर चालू आहे. तास संपतो. चालक नांगर उचलतो, ट्रॅक्टर वळवतो आणि नांगर पलटवण्यासाठी बाजूचा दांडा ओढतो. पण नांगर हलत नाही. बांधावरून कोणीतरी लगेच म्हणते, “पंप गेला!” पंप खोलायचा म्हणजे एक-दोन दिवस मोडणार, आणि तोवर वापसा निघून जाणार. पण पंप खरोखर गेला आहे का? शाळेत शिकलेला पास्कलचा नियम नीट समजला असेल, तर या प्रश्नाचे उत्तर बरेचदा पाना हातात न घेताही मिळते.

तेलाचा रस्ता

प्रथम तेल कोठून कोठे जाते ते पाहू. इंजिन पंप फिरवते. पंप टाकीतील तेल खेचून पुढे ढकलतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत एकच पंप दोन कामे करतो : नांगर उचलणाऱ्या लिफ्टला तेल देणे आणि बाहेरच्या अवजारावरील जॅकला तेल देणे. बाहेर जाणारे तेल एका झडपेतून जाते. हिला रिमोट व्हॉल्व्ह म्हणतात.

या झडपेच्या पोटात स्पूल नावाचा एक खाचा पाडलेला पोलादी दांडा असतो. तो मधल्या जागी असताना जॅकच्या दोन्ही वाटा बंद असतात. पुढे सरकवला की तेल जॅकच्या एका टोकाला जाते आणि दुसऱ्या टोकाकडील तेल टाकीत परत येते. मागे सरकवला की उलटे घडते. अशा रीतीने जॅकमधला दट्ट्या मागेपुढे सरकतो आणि नांगर पलटतो.

झडपेपासून जॅकपर्यंत दोन रबरी पाइप जातात. ते ट्रॅक्टरला कपलरने जोडलेले असतात. कपलरच्या प्रत्येक अर्ध्या भागात स्प्रिंगने बंद राहणारी एक छोटी झडप असते. दोन्ही भाग पूर्ण बसले, की या झडपा एकमेकींना दाबून उघडतात.

दाब कोठून येतो?

“पंप दाब निर्माण करतो,” असे आपण सहज म्हणतो. खरे पाहता पंप फक्त तेलाचा प्रवाह निर्माण करतो. त्या प्रवाहाला अडथळा झाला, की दाब वाढतो. अंगणातील पाण्याच्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबून पहा. तोंड मोकळे असते तेव्हा नळी मऊ लागते. तोंड दाबताच ती ताठ होते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचा नियम. त्यांचा द्रवांवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. १७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी याच नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. ट्रॅक्टरचा जॅक हा त्याच यंत्राचा वंशज होय.

एक हिशेब करू. दट्ट्याचा व्यास ६ सेंटिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर होते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम धरला, तर बल २८ × १५० = ४२०० किलोग्रॅम भरते! मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलोग्रॅम असतो, हे लक्षात घेतले म्हणजे येथील दाबाची कल्पना येईल.

दाब याहून फार वाढला तर पाइप फुटतील. म्हणून प्रेशर कुकरच्या सुरक्षा झडपेसारखी एक झडप येथेही असते. ठरलेल्या दाबाला ती उघडते आणि तेल टाकीत परत सोडते.

तीन प्रश्न

आता आपल्या अडलेल्या नांगराला तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : लिफ्ट नांगर उचलते का? वरील उदाहरणात नांगर उचलला गेला होता. लिफ्ट आणि झडप एकाच पंपावर चालत असतील, तर पंप, तेल आणि गाळणी यांच्यावरचा संशय बहुतांशी दूर झाला. दोष पंपाच्या पुढे आहे. लिफ्टही उचलत नसेल, तर मात्र आधी तेलाची पातळी पाहावी, मग गाळणी, आणि शेवटी पंप. तेलावर फेस असेल किंवा पंप किरकिरत असेल, तर तो तेलाबरोबर हवा ओढत आहे असे समजावे.

दुसरा प्रश्न : दांडा ओढताच इंजिनाचा आवाज बदलतो का? दांडा दोन-तीन सेकंदच धरून ऐका. इंजिन दबल्यासारखे झाले, तर दाब वाढतो आहे. म्हणजे तेल कोठेतरी अडले आहे. आवाज मुळीच बदलला नाही, तर तेलाला सोपी पळवाट मिळते आहे : दांड्याचा सांधा निखळून स्पूल सरकतच नसेल किंवा सुरक्षा झडप उघडी अडकली असेल. काही ट्रॅक्टरांवर तेल लिफ्टकडे जावे की बाहेर, हे ठरवणारी वेगळी खुंटी असते. ती योग्य जागी आहे ना, तेही पाहावे.

तेल अडले असेल तर पहिला संशय कपलरवर घ्यावा. येथे एक गंमत आहे. जाणारी वाट उघडी असूनही परतीचा कपलर अर्धवट बसला असेल, तर दट्ट्या हलत नाही. त्याच्या पलीकडचे तेल बाहेर पडायला जागाच नसते, आणि तेल जवळजवळ दाबले जात नाही. म्हणजे परतीची बंद वाट ही जाणाऱ्या बंद वाटेइतकीच घट्ट असते!

कपलर पूर्ण का बसत नाही? कधी मातीमुळे, कधी आत कोंडलेल्या दाबामुळे. उन्हात पडलेल्या पाइपातील तेल तापून प्रसरण पावते, आणि मग हाताच्या जोराने कपलरची झडप उघडत नाही. म्हणून पाइप सोडण्यापूर्वीच अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि दांडा दोन्ही दिशांना हलवून दाब सोडून द्यावा.

तिसरा प्रश्न : बदल केला तर दोष कोणाबरोबर जातो? ट्रॅक्टरला अशा दोन झडपा असतील, तर तेच पाइप दुसऱ्या झडपेला जोडा. नांगर आता पलटला, तर दोष पहिल्या झडपेत किंवा तिच्या कपलरमध्ये. तरीही अडला, तर दोष पाइप, जॅक किंवा नांगराच्या सांध्यात. उचललेली ट्रॉली आपोआप हळूहळू खाली बसते, तेव्हाही हीच परीक्षा झडप गळते की जॅक, ते सांगते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र चालेल, पण दोष कोठे होता ते कळणार नाही.

स्पूल आणि त्याचे घर यांच्यामधील फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकीच असते. आपला केस त्याहून कितीतरी जाड. म्हणून कपलर जोडण्यापूर्वी ते स्वच्छ फडक्याने पुसणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय.

सावधान!

तेल कोठून गळते ते हाताने कधीही चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी तेलाची धार कातडीत शिरू शकते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. पण आत गेलेले तेल मांस नासवते आणि बोट किंवा हातही गमवावा लागतो. अशी शंका आली, तर न थांबता रुग्णालय गाठावे आणि दाबाचे तेल आत गेल्याचे डॉक्टरांना सांगावे. गळती शोधण्यासाठी इंजिन बंद करून दाब सोडावा आणि तेलाचा ओला डाग पाहावा. इंजिन चालू असताना पाहणे भागच पडले, तर दूर उभे राहून जाड पुठ्ठा धरावा. तसेच उचललेल्या ट्रॉलीखाली किंवा नांगराखाली, भक्कम टेकू दिल्याशिवाय, कोणीही जाऊ नये. तेलावर टांगलेले ओझे एका रबरी पाइपाच्या भरवशावर असते.

करून पहा

इंजेक्शनच्या सुया नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या घ्या : एक लहान, एक मोठी. दोन्हींत पाणी भरून त्या बारीक नळीने जोडा. लहान पिचकारीचा दट्ट्या दाबा आणि मोठीचा दट्ट्या मित्राला अडवायला सांगा. कोण जिंकते? दोन्हींचे आतील व्यास मोजा आणि क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढा. मग मधली नळी चिमटीत घट्ट दाबून पहा. शेवटी नळीत हवेचा मोठा बुडबुडा राहू द्या. दट्ट्या आता स्प्रिंगसारखा का दबतो?

याची उत्तरे सापडली, की “पंप गेला” असे कोणी म्हणताच तुम्ही विचाराल, “लिफ्ट उचलते का? आणि इंजिनाचा आवाज बदलतो का?”