तारांत अडकलेले विमान

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात गेथर्सबर्ग नावाचे शहर आहे. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी सायंकाळी त्या शहराजवळ एक विलक्षण अपघात घडला. दिवस मावळला होता व धुके दाटले होते. अशा वेळी एक इंजिनाचे एक लहान विमान जवळच्या विमानतळाकडे उतरत होते. त्यात वैमानिक व एक प्रवासी असे दोघेच होते. त्या टप्प्यावर राखावयाच्या उंचीपेक्षा विमान फारच खाली आले होते. एकाएकी ते विजेच्या तारांवर व त्या तोलून धरणाऱ्या लोखंडी मनोऱ्यावर आदळले आणि जमिनीपासून सुमारे १०० फुटांवर तेथेच अडकून राहिले! त्याच क्षणी आसपासच्या हजारो घरांत अंधार पसरला.

सुदैवाने दोघेही जिवंत होते व मोबाइलवरून बोलत होते. मग मदत करणारे लगेच वर का चढले नाहीत? कारण विजेचा प्रवाह बंद केला, तरी तारांत काही विद्युत्भार शिल्लक राहू शकतो. जवळच्या चालू तारांमुळेही बंद तारेत वीज निर्माण होऊ शकते. अशा तारेस स्पर्श झाला असता, तर वाचविणाऱ्यांचेच प्राण गेले असते. म्हणून प्रथम त्या तारा भूमीशी जोडण्यात आल्या. त्यामुळे उरलेला भार जमिनीत निघून गेला. मग विमान खाली कोसळू नये, म्हणून ते मनोऱ्याशी घट्ट बांधण्यात आले. या कामांत सुमारे सात तास गेले. मध्यरात्रीनंतर त्या दोघांना सुखरूप खाली उतरविण्यात आले. त्यांना दुखापती झाल्या होत्या, परंतु प्राण वाचले.

एवढ्या लांबलचक तारा वैमानिकाला दिसत कशा नाहीत, असे तुम्हांला वाटेल. धुके नसतानाही त्या दिसणे कठीणच असते. तार बारीक असते आणि तिचा करडा रंग आकाशात किंवा डोंगराच्या पार्श्वभूमीत मिसळून जातो. मनोऱ्यांच्या माथ्यावरून विजेपासून संरक्षण करणारी जी तार जाते, ती तर इतर तारांहूनही बारीक असते. तार दिसेपर्यंत वेगवान विमान वळविण्यास अवधी उरत नाही. यासाठी खाली उडताना वैमानिक तार शोधण्याऐवजी खांब व मनोरे शोधतात. दोन मनोरे दिसले, की त्यांच्यामध्ये तार असणारच, असे ते मानतात. दऱ्या, नद्या व विमानतळ यांच्याजवळील तारांवर नारिंगी, पांढरे असे मोठे गोळे बसवितात, तेही याचसाठी.

तुमचा पतंग तारेत अडकला, तर या घटनेची आठवण ठेवा. तार शांत दिसते, म्हणून ती निर्जीव असते असे नव्हे. ज्यांनी त्या रात्री दोन जीव वाचविले, त्यांच्या अंगी धैर्य होते. परंतु त्यांनी आधी तार निर्धोक केली आणि मगच तिच्याजवळ हात नेला.