लॅपटॉपवर चालतं, काउंटरवर का अडतं? पहिलं डेस्कटॉप सॉफ्टवेअर विकण्याआधी सोडवायच्या सहा अडचणी



डेस्कटॉप प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रोजेक्ट एकच असतो: बिलिंग. भाषा सी शार्प असो, व्हीबी डॉटनेट असो की पायथॉन. एक फॉर्म, चार टेक्स्टबॉक्स, एक 'सेव्ह' बटण, खाली ग्रिड. क्लासमध्ये ते मस्त चालतं. मग मनात येतं, हे आपल्या गावातल्या दुकानदाराला विकता येईल का?

येईल, नक्की येईल. पण त्याआधी काही अडचणी सोडवाव्या लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच अडचणी काउंटरवर उभं राहिल्याशिवाय दिसतच नाहीत. म्हणून आज आपण एक काउंटर डोळ्यांसमोर ठेवूनच बोलू.

गाव उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. आजूबाजूला सोयाबीन, कापूस, तूर, रब्बीत हरभरा. समजा, इथल्या एका कृषी केंद्राला तुम्ही सॉफ्टवेअर देताय. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर बियाणं आणि खत उधारीवर जातं, पुढे फवारणीची औषधंही. पैसे येतात माल घरी येऊन विकल्यावर. म्हणजे मधले चार-पाच महिने त्या दुकानदाराचं भांडवल तुमच्या डेटाबेसमध्ये असतं. वहीचं एक पान फाटलं तर एका गिऱ्हाईकाचा हिशोब जातो. तुमची फाइल बिघडली तर अख्ख्या हंगामाची उधारी जाते. एवढं लक्षात ठेवा आणि पुढे वाचा.

१. "माझ्याकडे तर चालत होतं!"

पेन ड्राइव्हवर ईएक्सई फाइल घेऊन तुम्ही दुकानात जाता, डबल क्लिक करता आणि काहीच उघडत नाही. याची नेहमीची कारणं चार.

पहिलं, दुकानातल्या मशीनवर रनटाइम नसतो. तुमच्या लॅपटॉपवर व्हिज्युअल स्टुडिओसोबत सगळं आपोआप आलेलं असतं, तिथे ते नाही. डॉटनेटमध्ये 'सेल्फ-कंटेन्ड' पब्लिश करा, म्हणजे रनटाइम प्रोग्रॅमसोबतच जातो. फाइल मोठी होते, होऊ द्या.

दुसरं, विंडोजची आवृत्ती. गावातल्या दुकानात जुनं मशीन असणं नवल नाही. पायथॉन ३.९ आणि त्यापुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालतच नाहीत. विंडोज १० चा मोफत सपोर्टही मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी दुकानात जाऊन मशीन बघून या: विंडोज कुठलं, ३२ बिट की ६४ बिट, रॅम किती, प्रिंटर कोणता. ॲक्सेस वापरणाऱ्यांना 'प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड' हा एरर येतो, तो बहुतेक वेळा ड्रायव्हर नसल्यामुळे किंवा ३२ आणि ६४ बिटची गल्लत झाल्यामुळे.

तिसरं, कोडमध्ये पक्का लिहिलेला पाथ. 'सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, डेस्कटॉप' हा पत्ता दुकानदाराच्या मशीनवर कसा असेल?

चौथं, डेटाबेसची फाइल 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवणं. साध्या युजरला विंडोज तिथे लिहू देत नाही. डेटा 'प्रोग्रॅमडेटा' किंवा 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये ठेवा, आणि ज्या युजरने दुकानदार लॉगिन करतो त्याच युजरने लिहून बघा.

या चारही गोष्टी घरबसल्या तपासता येतात. विंडोज प्रोमध्ये 'सँडबॉक्स' असतो: उघडला की कोरंकरकरीत विंडोज मिळतं, बंद केला की सगळं पुसलं जातं. तो नसेल तर व्हर्च्युअल मशीन वापरा, किंवा मित्राचा असा कॉम्प्युटर घ्या ज्यावर प्रोग्रॅमिंगचं काहीच टाकलेलं नाही.

२. मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं

फॉर्ममध्ये गिऱ्हाईकाचं नाव मराठीत टाइप केलं, सेव्ह केलं, पुन्हा उघडलं तर '?????'. एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे एकदा भेटतंच. कारण साधं आहे. कॉलम 'व्हारचार' प्रकारचा आहे, तो 'एनव्हारचार' करा, आणि क्वेरी पॅरामीटरने पाठवा. आधी सेव्ह झालेली प्रश्नचिन्हं मात्र परत अक्षरं होत नाहीत. म्हणून हे पहिल्या दिवशीच करायचं. एसक्यूलाइट वापरत असाल तर ही अडचण येत नाही, तिथे मजकूर युनिकोडमध्येच साठतो.

दुसरा घोळ जुन्या फाँटचा. कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत भलत्याच अक्षरांचे कोड साठतात. मग शोध लागत नाही, क्रमवारी जुळत नाही, आणि फाँट नसलेल्या मशीनवर सगळं अगम्य दिसतं. दुकानदाराची जुनी यादी अशा फाँटमध्ये असेल तर ती एकदा कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि एकेक नाव त्याच्याकडून वाचून घ्या.

तिसरी गोष्ट पावतीची. छोट्या थर्मल प्रिंटरला थेट मजकूर पाठवला की इंग्रजी छापलं जातं आणि मराठीचा कचरा होतो, कारण बऱ्याच प्रिंटरच्या आत देवनागरी अक्षरंच नसतात. अशा वेळी पावती विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत चित्र म्हणून छापा. वेग थोडा कमी होईल, पण शेतकऱ्याला पावती वाचता येईल.

३. पैशांचा हिशोब आणि जीएसटीचा दर

कॉम्प्युटरला ०.१ अधिक ०.२ विचारा. 'डबल' किंवा 'फ्लोट'मध्ये उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. एका बिलात हे दिसणार नाही. हंगामभराच्या बेरजेत मात्र पैशा-दोन पैशांचा फरक पडतो, आणि दुकानदार विचारतो, "तुमची बेरीज माझ्या कॅल्क्युलेटरशी का जुळत नाही?" त्या प्रश्नानंतर त्याचा विश्वास परत मिळवणं अवघड असतं. पैशांसाठी कायम 'डेसिमल' वापरा. एसक्यूलाइटमध्ये रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवा.

राउंडिंगही तपासा. सी शार्प आणि पायथॉन, दोन्हीकडे २.५ राउंड केलं की २ येतं, ३ नाही, कारण अर्धा आला की ते जवळच्या सम संख्येकडे जातात. आपल्या बाजारात अर्धा वर जातो. तो नियम कोडमध्ये स्पष्ट लिहावा लागतो.

आता दर. 'टॅक्स = रक्कम गुणिले १२ भागिले १००' असं थेट कोडमध्ये लिहिणाऱ्यांना २२ सप्टेंबर २०२५ ला धडा मिळाला. त्या दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि बहुतेक वस्तूंसाठी १२ टक्क्यांचा टप्पा संपला. ठिबक आणि तुषार सिंचनाचं साहित्य १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, खत नियंत्रण आदेशातली सूक्ष्म अन्नद्रव्यंही. ज्यांचा दर कोडमध्ये होता, त्यांना प्रत्येक दुकानात नवी फाइल घेऊन पळावं लागणार. ज्यांचा दर टेबलमध्ये होता, त्यांच्या दुकानदाराने एक आकडा बदलला आणि काम झालं.

दराच्या टेबलमध्ये 'कधीपासून लागू' ही तारीख ठेवा. आणि बिलाच्या प्रत्येक ओळीत त्या दिवशी लावलेला दरही साठवा. नाहीतर ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं की त्यावर ऑक्टोबरचा दर येईल.

४. एक टिंब आणि एक तारीख

मालाच्या नावात दुकानदाराने लिहिलं: पाइप २०'. वीस फुटांसाठीची ती खूण. सेव्ह केलं आणि प्रोग्रॅम कोसळला. कारण तुम्ही टेक्स्टबॉक्समधला मजकूर जोडून क्वेरी तयार केली होती, आणि त्या एका खुणेने क्वेरी मधेच तुटली. याच फटीतून कोणी मुद्दाम डेटा उडवूही शकतो. इलाज एकच: पॅरामीटर. प्रत्येक क्वेरीत, अपवाद न करता.

तारखेचंही तसंच. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून. विंडोजची सेटिंग अमेरिकन असेल तर तेच ६ मे होतं. व्याजाचे किंवा थकबाकीचे दिवस मोजताना महिना इकडेतिकडे झाला तर भांडण ठरलेलं. तारीख मजकूर म्हणून साठवू नका, 'डेट' प्रकारात साठवा. एसक्यूलाइटमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. दाखवताना मात्र दिवस-महिना-वर्ष, गिऱ्हाईकाला कळेल तसं.

५. लाइट गेली तर?

हा प्रश्न पुण्यातल्या ऑफिसात कोणी विचारत नाही. उंद्रीत तो पहिला आहे.

एक बिल सेव्ह होताना तीन गोष्टी घडतात: बिल नोंदवलं जातं, साठा कमी होतो, गिऱ्हाईकाच्या खात्यावर उधारी चढते. पहिली झाली, दुसरी झाली आणि लाइट गेली. आता माल गेलाय, साठा कमी झालाय, पण खात्यावर काहीच नाही. उलटंही होतं: वसुलीची पावती दिली, पण उधारी कमी झाली नाही. मग दिवाळीत शेतकरी काउंटरवर उभा राहून म्हणतो, "भाऊ, म्या तं पैसे कवाच देले!" आणि तो खरं बोलत असतो.

यावर उपाय 'ट्रान्झॅक्शन'. सुरुवातीला 'बिगिन', तिन्ही नोंदी झाल्यावर 'कमिट', मधे काही बिघडलं तर 'रोलबॅक'. तिन्ही होतील किंवा एकही होणार नाही. चार ओळींचं काम आहे. खताच्या बाबतीत तर ते टाळूच नका. अनुदानित खत पीओएस मशीनवर विकावं लागतं, आणि तुमचा साठा त्या मशीनशी जुळला नाही तर तपासणीत उत्तर दुकानदाराला द्यावं लागतं.

मग बॅकअप. त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी ठेवली तर डिस्क गेली की दोन्ही गेलं. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर अर्धवट कॉपी निघू शकते, म्हणून डेटाबेसचीच बॅकअप सोय वापरा. दुकान बंद करताना प्रोग्रॅमनेच विचारावं, "पेन ड्राइव्ह लावा, बॅकअप घेतो." महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

६. 'नॉट रिस्पॉन्डिंग' आणि गप्प बसणारा प्रोग्रॅम

रिपोर्ट काढताना खिडकी पांढरी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसतं. प्रोग्रॅम बंद पडलेला नसतो. जो थ्रेड बटणं आणि खिडकी सांभाळतो, त्यालाच तुम्ही मोठ्या कामाला जुंपलेलं असतं. काउंटरवर बसलेला एकटा माणूस गोदामात गेला की गिऱ्हाइकाशी बोलायला कोणी उरत नाही, तसं. सी शार्पमध्ये 'असिंक-अवेट' वापरा. पायथॉनच्या टीकिंटरमध्ये जड काम वेगळ्या थ्रेडवर द्या आणि पडदा 'आफ्टर'ने अपडेट करा.

खिडकी अडकली की माणूस 'सेव्ह' पुन्हा पुन्हा दाबतो आणि एकाच मालाची तीन बिलं होतात. म्हणून पहिल्या क्लिकला बटण बंद करा, काम झाल्यावर उघडा.

आणि रिकामा 'कॅच' कधीही लिहू नका. एरर गिळला की प्रोग्रॅम शहाण्यासारखा दिसतो, पण आत नोंद झालेलीच नसते. दुकानदाराला साध्या मराठीत सांगा, "बिल सेव्ह झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा." खरा एरर तारीख-वेळेसह लॉग फाइलमध्ये लिहा. मग दुकानदार फोनवर नुसतं "चालत नाही" म्हणाला तरी फाइल व्हॉट्सॲपवर मागवून तुम्ही घरबसल्या दोष शोधू शकता. चिखलीहून एक फेरी वाचली तरी तुमचा दिवस वाचतो.

आता धंद्याचं बोलू

क्विक हील तुम्हाला माहीत असेल. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून त्यांनी सुरुवात केली, पुढे कॉम्प्युटर दुरुस्ती. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा कॉम्प्युटर शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर इलाज करणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून अँटिव्हायरस उभा राहिला आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. त्यांना गिऱ्हाईकाची अडचण रोज टेबलावर दिसत होती. तुम्हालाही तुमच्या गावातल्या दुकानाची अडचण दिसते, शहरातल्या कंपनीला ती दिसत नाही. तुमचं भांडवल तेच आहे.

म्हणून किंमत ठरवताना दोन आकडे सांगा: सॉफ्टवेअरचा एक आणि वर्षाच्या देखभालीचा वेगळा. डेटा दुकानदाराचा आहे आणि मागेल तेव्हा तो एक्सेलमध्ये मिळेल, हे कागदावर लिहून द्या. पहिला हंगाम वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवायला सांगा. दोन्हीकडची उधारी महिनाअखेर जुळली की वही बंद करायचं तोच ठरवेल.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा प्रोजेक्ट उघडा आणि या पाच परीक्षा घ्या:

१. कोऱ्या विंडोजवर इन्स्टॉल करा.
२. मालाचं नाव 'पाइप २०'' आणि गिऱ्हाईकाचं नाव मराठीत टाका, सेव्ह करून पुन्हा उघडा.
३. जीएसटीचा दर बदला आणि जुनं बिल छापून बघा.
४. खोट्या डेटावर, सेव्ह होत असताना टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम बंद करा. साठा आणि उधारी जुळते का?
५. कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडा.

पाचही जमल्या तर बिनधास्त दुकानात जा. एखादी अडली तर ती कोणती आणि एरर नेमका काय आला ते कमेंटमध्ये शब्दशः लिहा, पुढच्या व्हिडिओत तीच सोडवू. मात्र जूनची वाट बघू नका. पेरणीच्या गर्दीत कोणताही दुकानदार नवं सॉफ्टवेअर शिकत बसत नाही. उन्हाळ्यात दुकान निवांत असतं, तेव्हाच जाऊन बसा.