हसू नका, बोलू द्या

जुन्या पनवेलमध्ये मी स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते. त्याआधी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच शिकवत होते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना इंग्रजी येतं, हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. पण ते खरं आहे. बीकॉम झालेली, नर्सिंग केलेली, आयटीआयमधून बाहेर पडलेली ही माणसं आहेत. बँकेचा फॉर्म वाचतात, ऑफिसचा मेल लिहितात, क्रिकेटची कॉमेंट्री त्यांना नीट कळते. अडतं ते चारचौघांत तोंड उघडताना. कारण विचारलं की उत्तर जवळजवळ ठरलेलं: "मॅडम, चुकलं तर हसतील."

कोण हसतील? गोरा माणूस पनवेलमध्ये भेटतो कितीदा? हसणारे आपलेच असतात. कॉलेजातला शेजारच्या बाकावरचा मुलगा, लग्नात भेटलेला पुण्याचा मावसभाऊ, मुलाखत घेणारा साहेब, आणि पुष्कळदा पोटचं मूल.

२०११च्या जनगणनेत इंग्रजी ही आपली मातृभाषा असल्याचं साऱ्या देशात २,५९,६७८ जणांनी नोंदवलं. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी येणारे मात्र बारा कोटींहून जास्त निघाले. म्हणजे या देशात इंग्रजी बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण ती शिकूनच बोलतो. कुणी ती आधी शिकला, कुणी नंतर; कुणाच्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येत होतं, कुणाच्या घरात वर्तमानपत्रच येत नव्हतं. महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या आम्ही सगळ्यांनी एबीसीडी गिरवली पाचवीत. तीही फळ्यावरून वहीत उतरवून घेण्यापुरती. वर्षभर इंग्रजीचा तास व्हायचा आणि त्यात सगळ्यात कमी ऐकू यायचं ते मुलांच्या तोंडून आलेलं इंग्रजी. उताऱ्याचा अर्थ मराठीतून सांगायचा, प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायची, तोंडी परीक्षा एका दुपारी उरकायची. बोलायला कुणी शिकवलंच नाही आणि पुढे जगाने पारख केली ती नेमकी बोलण्यावरून.

आता उच्चारांचं बघू. मराठी माणसाचा ट आणि ड जीभ मागे वळवून येतो, इंग्रजांचा हिरड्यांजवळ. व्हॅन म्हणताना आपण व आणि ह एकत्र करतो, तिथे ते वरचे दात खालच्या ओठाला टेकवतात. आपण प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो, ते शब्दातल्या एका अक्षरावर जोर देऊन बाकीची अर्धी गिळतात. 'डेव्हलप' म्हणताना त्यांचा जोर 'व्हे'वर असतो, आपला बहुतेकदा 'डे'वर. जीभ लहानपणी ज्या वळणाला लागली त्याच वळणाने ती मोठेपणी जाते. यात आळस नाही आणि अडाणीपणा तर मुळीच नाही. जपानी माणसाच्या, फ्रेंच माणसाच्या इंग्रजीतही त्याची भाषा ऐकू येते. फ्रेंच वळणाचं इंग्रजी लोकांना गोड वाटतं आणि आपल्याच गावच्या पोराचं ऐकून हसू येतं, तेव्हा आपण माप उच्चारांचं घेत नसून माणसाच्या पत्त्याचं घेत असतो.

पनवेल, उरण, उलव्याच्या गावांतून येणाऱ्या आगरी आणि कोळी मुलांच्या बाबतीत तर हे दोनदा घडतं. घरी ती पानी म्हणतात, शाला म्हणतात. ती त्यांची बोली आहे आणि तिला स्वतःची गाणी आहेत, स्वतःचा ठसका आहे. पण शाळेत पहिल्यांदा हसू झालं ते या बोलीवरून. 'नीट बोल' हे त्यांना मराठीच्या तासाला ऐकावं लागलं. मग ती कॉलेजात गेली आणि तिथे इंग्रजीवरून हसू झालं. दोन्हीकडून दटावलेलं मूल शेवटी मोजकं बोलायला शिकतं. असे धट्टेकट्टे, कामाला वाघ असलेले तरुण माझ्यासमोर बसतात आणि स्वतःचं नाव-गाव सांगताना त्यांचा आवाज घशाच्या बाहेर येत नाही. याचा मला राग येतो, आणि तो त्या मुलांवर नसतो.

आयांची गोष्ट याहून अवघड. मुलाला इंग्रजी शाळेत घालण्यासाठी दागिना गहाण ठेवलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्याच बाया पालकसभेला मागच्या रांगेत गप्प बसतात. 'तू येऊ नकोस, पप्पांना पाठव,' असं मुलीनेच सांगितल्याचं एकीने मला सांगितलं, तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. तिला त्याची सवय झाली होती. गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' २०१२ साली आला. त्यातली श्रीदेवीने केलेली शशी गोडबोले पुण्यात घरी लाडू करून विकणारी, हुशार आणि कर्तबगार बाई. तिची लाज वाटते ती तिच्याच मुलीला. तो सिनेमा माझ्या क्लासमधल्या बायकांनी आपापल्या घरातलाच म्हणून पाहिला.

आणि चांगलं बोलायला लागलं तरी सुटका नाही. 'लय शहाणी झाली', 'इंग्रजी झाडू नको', 'इंग्रज गेले नि हिला ठेवून गेले' हेही आपल्याकडेच म्हणतात. न येणाऱ्याला अडाणी ठरवायचं आणि येणाऱ्याला शिष्ट. यातून मधल्या मध्ये सराव बुडतो. भाषा बोलूनच येते, आणि चुकत बोलायची जागाच आपण ठेवलेली नाही.

ऐकणाऱ्याचा कान किती फसवतो, यावर एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रुबिन यांचा तो अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. आवाज एकाच बाईचा, इंग्रजी मातृभाषा असलेल्या अमेरिकन बाईचा. ऐकताना काहींसमोर गोऱ्या बाईचा फोटो ठेवला, काहींसमोर आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परके उच्चार ऐकू आले, आणि व्याख्यान त्यांच्या डोक्यातही कमी शिरलं. चेहरा पाहून कान आधीच बंद झाला होता. पुढे २०१० साली शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांना दिसलं की साधीसुधी माहिती परक्या उच्चारांत सांगितली की ऐकणाऱ्यांना ती कमी खरी वाटते. हे मी प्रत्येक बॅचला सांगते. आपलं काय चुकतं हेच त्यांनी आजवर ऐकलेलं असतं. ऐकणाऱ्याचंही चुकतं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

सध्या क्लासला गर्दी आहे ती विमानतळामुळे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. त्यासाठी दहा गावं उठली. त्यातली कितीतरी घरं आता वडघर, करंजाडे, पुष्पकनगरला आहेत. ज्यांच्या शेतावर धावपट्टी आली त्यांच्या मुलांना तिथे नोकरी हवी आहे, आणि त्यांच्या मनातली पहिली धास्ती फाडफाड इंग्रजीची आहे. म्हणून विमानाच्याच जगातली एक गोष्ट त्यांना सांगते.

१२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली. सौदी अरेबियाचं बोइंग दिल्लीहून निघालं होतं, कझाकस्तानचं मालवाहू बनावटीचं विमान दिल्लीला उतरत होतं. दोन्ही विमानांतली सगळी, ३४९ माणसं गेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं, आणि त्याच्या चालकांचं इंग्रजी कच्चं असल्याची नोंद चौकशीत झाली. या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, १९९८ साली ठराव करून भाषेचा प्रश्न हाती घेतला. २००८ सालापासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पायऱ्या लागू झाल्या, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी निदान चौथी पायरी हवी असं ठरलं.

इथे क्लासमधली मुलं सावरून बसतात. त्या चौथ्या पायरीवर उच्चारांत मातृभाषेची छाप चालते. फक्त तिच्यामुळे समजायला कधीकधीच अडचण यावी, एवढी अट आहे. सहावी, म्हणजे सगळ्यात वरची पायरी गाठलेल्याच्या बोलण्यातही मातृभाषेची छाप असू शकते, हे नियमातच धरलेलं आहे. एक शब्द चुकीचा ऐकला गेला तर शेकडो जीव जातील, अशा ठिकाणी जगाने ठरवलेलं माप आहे समजण्याचं. लंडनसारखं वाटण्याचं नाही. आणि आपल्याकडे सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहणाऱ्या मुलाला नाकारलं जातं ते 'एमटीआय (मदर टंग इन्फ्लुअन्स) जास्त आहे' म्हणून, म्हणजे त्याच्या इंग्रजीत त्याची आई ऐकू येते म्हणून. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत हे झालं. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं होतं, आणि ते समोरच्यांना समजलंही होतं.

इंग्रजी शिकू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो ज्यांना ज्ञानाच्या दारात उभं केलं जात नव्हतं त्यांच्यासाठी. ते दार आजही तितकंच महत्त्वाचं आहे. व्याकरण नीट हवं, शब्द भरपूर हवेत, सावकाश आणि स्पष्ट बोलता यायला हवं. यासाठी मी मुलांकडून कष्ट करून घेते, आणि त्यात सूट देत नाही. पण परक्या वळणाची नक्कल मी शिकवत नाही.

मुलाखती घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की, उमेदवार बाहेर गेल्यावर एकच गोष्ट तपासा: त्याने सांगितलेलं तुम्हाला समजलं का? समजलं असेल तर उच्चारांचे गुण कापू नका. आईबापांना सांगायचं ते हे की, मूल पाहुण्यांसमोर इंग्रजी बोलताना चुकलं तर तिथेच टोकू नका, घरी एकटं असताना सांगा. आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांनो, आई पालकसभेला आली तर तिला पुढच्या रांगेत बसवा, आणि ती बोलायला लागली की तिचं वाक्य तिला पुरं करू द्या.