३५१ मध्ये चौघी

मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या काळातल्या मराठवाड्यातल्या कोरोनाबाधित गरोदर आणि बाळंतीण बायांविषयी एक छापील आकडा सापडतो. मुंबईची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि नायर रुग्णालय यांच्या पुढाकारातून ‘प्रेगकोविड’ ही नोंदवही सुरू झाली होती. राज्यातल्या १९ वैद्यकीय महाविद्यालयांमधल्या ४,२०३ जणींची माहिती तीत आली. त्यांतल्या ३४ दगावल्या. मराठवाड्यातून नोंद झाली ३५१ जणींची, मृत्यू ४. म्हणजे शेकडा १.१. मुंबई महानगरात हेच प्रमाण ०.७ होतं.

चार मृत्यूंवरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे मान्य. एखादी इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी हलते. पण या मृत्यूंशी ॲनिमिया, क्षयरोग आणि मधुमेह यांचा संबंध दिसला, आणि अंगात रक्त नसलेली गरोदर बाई आपल्याकडे कुठल्या गावात नाही? त्याहून मोठा प्रश्न असा, की ज्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचल्याच नाहीत, त्यांचं काय?

नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातून बघा. तामसा, निवघा, मनाठा भागातली बाई अडली की आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग हदगावचं रुग्णालय, आणि तिथून ‘नांदेडला न्या’. वारंगा फाटा, अर्धापूर करत साठ-सत्तर किलोमीटर, आणि विष्णुपुरीचं शासकीय महाविद्यालय तर शहर ओलांडून पुढे. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की उमरखेड, जिल्हा यवतमाळ. एरवी जिकडे जवळ तिकडे लोक जातात. मार्च २०२० मध्ये जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या, ई-पास आला, आणि टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत थांबण्याची पाळी आली. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला तर हातात तास-दोन तासच असतात. अशा वाटेवर गेलेली बाई कोरोनाने मेलेली नसते, म्हणून कोरोनाच्या यादीत ती नाही. तरी तिला नेलं ते महामारीनेच.

त्यात माहेर. सातव्या महिन्यात लेक माहेरी येते, हा आपला रिवाज. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात आणि बाळंतपण माहेरच्या, हा नोंदीचा जुनाच घोळ. टाळेबंदीत तो दुप्पट झाला. पुण्या-मुंबईहून परतलेल्या मजूर कुटुंबांतल्या गरोदर बाया गावी आल्या, त्यांची कार्डं तिकडची. आशाताईच्या डायरीत त्यांचं नाव कुठल्या पानावर घालायचं? आणि त्या आशाताई तेव्हा काय करत होत्या? बाहेरून आलेल्यांची यादी, पुढे ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’त घरोघर ऑक्सिमीटर. जून २०२१ मध्ये त्यांना मोबदल्यासाठी संप करावा लागला.

नियम मात्र चांगला आहे. १५ ते ४९ वयाची कोणतीही बाई दगावली की आशाने कळवायचं. आरोग्यसेविकेने घरी जाऊन विचारपूस करायची, मृत्यू गरोदरपणात किंवा गर्भ संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत झाला असेल तर अन्वेषण, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांपुढे आढावा. मृत्यूनोंदीच्या नमुना २ मध्येही एक रकाना आहे: मृत व्यक्ती स्त्री असल्यास मृत्यू गरोदरपणात, प्रसूतीवेळी किंवा नंतरच्या सहा आठवड्यांत झाला काय? गावात हा फॉर्म ग्रामसेवकाकडे जातो. सांगायला येतो दीर किंवा चुलता. तो नाव, वय, तारीख सांगतो. बाळंत होऊन किती दिवस झाले होते, हे विचारायला ग्रामसेवक अवघडतो, सांगायला दीर अवघडतो. रकान्यात ‘नाही’ पडतं.

दुसऱ्या लाटेत तर प्रकार उलटा झाला: बाई कोरोनाच्या यादीत आली, मातामृत्यूच्या यादीत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२१ च्या जूनमध्ये सांगितलं, की गरोदर आणि बाळंतीण रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होतं, ते दुसरीत ५.७ टक्क्यांवर गेलं. गरोदर बायांना लशीची परवानगी मिळाली २ जुलैला, लाट ओसरल्यावर. बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी कोविड वॉर्डात गेलेली बाई तिथे फक्त ‘स्त्री, वय २४’ होते. पुढे कोरोनामृत्यूच्या ५० हजारांच्या सानुग्रह अनुदानासाठी घरच्यांनी पॉझिटिव्ह रिपोर्ट शोधला, कचेरीचे हेलपाटे घातले. मातामृत्यूचा रकाना भरून घ्यायला कोण जाणार, त्यातून कुणाला काय मिळणार होतं?

राज्याचे आणि देशाचे आकडेही आपल्या कामाचे नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीवर ‘२०१९-२१’ लिहिलेलं असतं. महाराष्ट्रातली पाहणी महामारीआधीच आटोपली होती. राज्यात शेकडा ९४.७ बाळंतपणं दवाखान्यात झाली हा त्यातलाच आकडा, आणि टाळेबंदीच्या वर्षाबद्दल तो काहीच सांगत नाही. नमुना नोंदणी पद्धतीनुसार महाराष्ट्रातला मातामृत्यू दर २०१८-२० मध्ये लाख जन्मांमागे ३३ होता, २०१९-२१ मध्ये ३८ झाला. देशाचा दर त्याच वेळी ९७ वरून ९३ वर उतरला. राज्याची ही वाढ जाहीर झाली २०२५ मध्ये. त्यात जिल्हा नाही, मग तालुका कुठून असणार? अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर असाच गरोदरपणाचा चौकोन आहे. त्याच्या अचूकतेवर वादही आहेत. तरी तिथला दर २०१९ मधल्या २०.१ वरून २०२१ मध्ये ३२.९ झाल्याचं २०२३ पर्यंत जगाला कळलं होतं.

याच विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ च्या सांध्यावर २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात. देश हादरला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ते मृत्यू एका छपराखाली, एका दिवसात झाले म्हणून दिसले. गावोगाव विखुरलेले, एकेकटे मृत्यू दिसत नाहीत. त्यांच्यासाठी न्यायालय बसत नाही.

काम मात्र अजूनही होण्यासारखं आहे, आणि खर्चिकही नाही. मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ मधल्या १५ ते ४९ वयाच्या बायांच्या मृत्यूनोंदी ग्रामपंचायतीत आहेत. आशाताईंना त्या प्रत्येक घरचं ठाऊक आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी या नोंदी आणि आशाताईंची माहिती समोरासमोर ठेवावी आणि गेलेल्या बायांची नावं उघड न करता हदगावचा आकडा जाहीर करावा. त्यांनी ते केलं नाही, तर येत्या ग्रामसभेत तुम्ही हा विषय मांडा.