करार संपला, तरी बेडी कायम!

आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड! १९६० मध्ये इंग्लंडमधील फुटबॉलपटू कितीही नामांकित असला, तरी त्याला याहून अधिक वेतन देण्यास क्लबांना मनाई होती. त्याहूनही जाचक होता तो खेळाडू ‘राखून ठेवण्या’चा नियम. करार संपल्यावरही क्लब त्याची नोंदणी आपल्याकडेच ठेवू शकत असे. नवा करार नाकारल्यास वेतन बंद आणि अन्यत्र खेळण्याचे दारही बंद.

न्यूकॅसल युनायटेडच्या जॉर्ज ईस्टहॅमने हेच अनुभवले. क्लब सोडण्याची परवानगी मिळेना, तेव्हा या कसबी आघाडीपटूने खेळणेच थांबवले आणि चक्क बुचाचा माल विकण्याची नोकरी धरली. अखेर त्याच वर्षी आर्सेनलने ४७,५०० पौंड मोजून त्याला घेतले.

वाद तिथेच मिटला असता. मात्र खेळाडूंच्या संघटनेच्या पाठबळावर ईस्टहॅमने जुन्या क्लबला न्यायालयात खेचले. राखून ठेवण्याची ही पद्धत म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध होय, असा निर्वाळा न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी १९६३ मध्ये दिला. वेतनमर्यादा त्याआधीच, जानेवारी १९६१ मध्ये, संपाच्या इशाऱ्यानंतर उठली होती.

इंग्लंडकडून १९ सामने खेळलेला ईस्टहॅम १९६६ च्या विश्वविजेत्या चमूत होता. पण स्पर्धेत एकदाही मैदानात उतरला नाही. पदक हाती पडले ते थेट २००९ मध्ये. १९७२ च्या लीग चषक अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध स्टोक सिटीचा विजयी गोल मात्र पस्तीस वर्षांच्या ईस्टहॅमचाच. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे निधन झाले.

करार संपलेल्या खेळाडूसाठीही दुसऱ्या क्लबकडून शुल्क मागण्याची प्रथा पुढे १९९५ च्या बोस्मन निकालाने मोडीत काढली.