जुन्या भिंतीला चुनाच मानवतो

गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. पुढे भोसल्यांच्या राजवटीत महालात वाडे उठले. त्यांतील कित्येक भिंतींना टेकून आज आपली दुकाने, गोदामे आहेत. या भिंती विटा आणि चुन्याच्या. दुरुस्ती मात्र आपण सिमेंटने करतो, आणि तिथेच घाटा होतो.

माझ्या कापडाच्या गोदामातही एकदा सिमेंटचा गिलावा केला. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले, विटांचा भुगा झाला आणि भिंतीलगतच्या ठाणांवर बुरशी आली. कारण सरळ आहे. जुनी वीट नरम असते. तिच्यात चढलेली ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. कडक सिमेंट ती वाट बंद करते. मग पाणी आणि खार विटेतूनच बाहेर येतात आणि वीट झडते.

म्हणून आधी गळके छप्पर आणि तुंबलेली नाली दुरुस्त करावी. पाणी थांबल्याशिवाय चुनाही टिकणार नाही.

चुन्याची कळी ताजी घ्यावी. कळी पाण्यात सोडावी, कळीवर पाणी ओतू नये, ती उसळते. डोळ्यांना चष्मा लावावा. विरलेला चुना निदान दोन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा, मग गाळावा. एक भाग चुना, एक भाग विटेची सुर्खी आणि दोन भाग धुतलेली रेती असा गारा चांगला मळावा. सुर्खीमुळे तो ओलाव्यातही धरतो.

जुने सांधे छिन्नीने हलक्या हाताने इंचभर खोल उकरावेत, झाडावेत, भिंत भिजवावी आणि गारा दाबून भरावा. गिलाव्याचा एक थर अर्ध्या इंचाहून जाड नको. आठवडाभर ओले गोणपाट लावून ठेवावे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड बनतो. घाई केली तर तडकतो. नागपूरच्या मे महिन्यात हे काम काढू नये. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

वेळ जास्त लागतो, मजुरीही वाढते. पण दर दोन वर्षांनी तोच खर्च करण्यापेक्षा हा सौदा स्वस्त आहे. आपल्या गवंडी बांधवांनाही विनंती, जुन्या कारागिरांकडून हा हुनर शिकून घ्या. जुने वाडे आणि मशिदी उभ्या आहेत तोवर या हाताला काम आहे.