एक चाल अजून : ‘एम्पायर’मधल्या मराठेशाहीची मोहिनी आणि मर्यादा

‘एम्पायर : टोटल वॉर’ हा संगणकावरचा डावपेचांचा खेळ मार्च 2009 मध्ये बाजारात आला. इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेम्ब्ली या कंपनीने तो तयार केला आणि सेगाने प्रकाशित केला. 2000 साली ‘शोगुन’ने सुरू झालेल्या ‘टोटल वॉर’ मालिकेतला हा पाचवा मुख्य खेळ. आधीचे भाग जपान, रोमन साम्राज्य आणि मध्ययुगीन युरोपात रमले होते. या भागाने अठराव्या शतकातला युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान एकाच डावात आणले. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया यांच्या पंगतीला त्यात मराठेही बसले. हिंदुस्थानातल्या सत्तांपैकी मुख्य मोहिमेत खेळाडूला घेता येते ती एवढीच; मोगल आणि म्हैसूर यांच्या चाली संगणक करतो.

खेळाचे दोन भाग आहेत. नकाशावरचा राज्यकारभार बुद्धिबळासारखा आळीपाळीने चालतो. खेळाडू आपली सैन्ये हलवतो, कर ठरवतो, रस्ते आणि बंदरे बांधायला घेतो, कामचुकार मंत्र्याला काढून दुसरा नेमतो आणि चाल संपवतो. मग इतर सगळी राज्ये आपापली चाल करतात. दोन सैन्ये भिडली की लढाई मात्र थेट डोळ्यांसमोर रंगते. मालिकेत समुद्रावरची लढाई अशी प्रत्यक्ष लढण्याची सोय पहिल्यांदा याच भागात झाली. मोहीम 1700 मध्ये सुरू होते. वर्षाला दोन चाली, म्हणजे 1799 पर्यंत पूर्ण डाव खेळायचा तर सुमारे 200 चाली होतात. छोटी मोहीम 1750 ला आटोपते.

या खेळात माणूस तासन्‌तास गुंतून पडतो, त्याचे गमक चालींच्या गुंफणीत आहे. एक रस्ता तीन चालींत पुरा होणार असतो, एक शोध आठ चालींत हाती येणार असतो, नवी पलटण पुढच्याच चालीला उभी राहणार असते आणि शेजारच्या प्रांताच्या वेशीवर पोचलेले सैन्य उद्या वेढा घालणार असते. ही कामे एकाच वेळी कधीच संपत नाहीत. एक हातावेगळे होईपर्यंत दुसरे ऐन रंगात आलेले असते. त्यामुळे ‘आता इथे थांबू’ असे म्हणायला जागाच उरत नाही. अर्धवट राहिलेले काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा डोक्यात जास्त घोळत राहते, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये मांडला होता. आळीपाळीच्या खेळांचा सगळा संसार याच तत्त्वावर उभा आहे. सिड मायर यांच्या 1991 च्या ‘सिव्हिलायझेशन’पासून ‘फक्त एक चाल अजून’ हे अशा खेळांच्या चाहत्यांचे पालुपदच झाले आहे.

प्रत्येक चाल छोटी आणि बिनधोक असते, हीही यातली एक गोम. घाई करायला कोणी सांगत नाही, घड्याळ लागलेले नसते. चूक झाली तर आधी जतन केलेला डाव पुन्हा उघडता येतो. दमणूक जाणवत नाही आणि वेळ कुठे गेला तेही कळत नाही. याला सहजपणे व्यसन म्हटले जाते, पण वैद्यकीय अर्थाने ते लगेच व्यसन ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आपल्या रोगवर्गीकरणात स्थान दिले आणि ते वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. त्यातल्या कसोट्या कडक आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्या कामांपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे आणि त्याचा घर, शिक्षण किंवा नोकरीवर गंभीर परिणाम होणे हे सर्व साधारणपणे 12 महिने दिसावे लागते. रविवारची एखादी रात्र जागून काढणे त्यात बसत नाही.

मराठ्यांची मोहीम अनेकांना आवडते, कारण तिचे उद्दिष्ट सरळ आहे. 1700 साली राजाराम महाराजांचे निधन झाले. औरंगजेब तेव्हा दख्खनेत तळ देऊन होता आणि ताराबाईंनी झुंज पुढे चालू ठेवली. खेळात मराठ्यांपुढे मोगलांचा अफाट मुलूख असतो, गोव्यात पोर्तुगीज आणि सिंहलद्वीपात डच असतात. एकेक प्रांत जोडत गेले की खजिना वाढतो, खजिना वाढला की फौज वाढते आणि फौज वाढली की पुढचा प्रांत टप्प्यात येतो. संगणकाच्या हातातले मराठेही बहुधा हेच करतात. युरोपातले राज्य घेऊन खेळणाऱ्याला मध्येच कधीतरी हिंदुस्थानचा नकाशा जवळजवळ सगळा मराठ्यांच्या रंगात रंगलेला दिसतो. या खेळाच्या चाहत्यांत ही गोष्ट पुरती ओळखीची आहे.

मात्र चालींची चटक लावणारा हा हिशेब ज्या सुलभीकरणावर उभा आहे, त्यातूनच खेळाचे बरेच दोषही येतात. प्रांत आपला की परक्याचा, एवढीच भाषा या नकाशाला कळते. अठराव्या शतकातली मराठी सत्ता मात्र चौथ आणि सरदेशमुखीवर पोसलेली होती. मुलूख दुसऱ्याचा, वसुलीचा हक्क आपला, अशी ती व्यवस्था. 1728 ची पालखेडची लढाई घेतली तर फरक चटकन ध्यानात येतो. बाजीराव पेशव्यांनी वेगवान घोडदळाच्या जोरावर निजामाला पुण्याकडून मागे खेचले, पालखेडजवळ कोंडीत पकडले आणि त्याचे पाणी व रसद तोडली. मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने चौथाई मान्य केली; त्याचे राज्य जागेवरच राहिले. ‘एम्पायर’च्या नकाशावर असा विजय नोंदवायची सोय नाही. शेते, गावे आणि बंदरे लुटून शत्रूचे उत्पन्न बुडवता येते, पण राजधानी घेतल्याखेरीज प्रांत पदरात पडत नाही. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांचा आपसातला ताणही खेळात नाही. तिथे मराठ्यांचा सगळा कारभार एका दरबारातून चालतो.

किल्ल्यांच्या बाबतीत तर खेळ फारच उथळ वाटतो. पायदळाच्या तुकड्या दोर टाकून तटावर चढतात, त्यामुळे तटबंदीचा धाक उरत नाही. मोगलांना जिंजी घ्यायला 1690 ते 1698 अशी आठ वर्षे लागली होती. इथे वेढा काही चालींत मिटतो. रणांगणावर तोफा लादलेले हत्ती डोळ्यांत भरतात. गजनाळा इतिहासात होत्या हे खरे, पण मराठ्यांची भिस्त हत्तींपेक्षा हलक्या घोडदळावर आणि सह्याद्रीतल्या गडांवर होती.

नकाशाचा ढोबळपणा ठाण्याच्या माणसाला विशेष जाणवेल. पोर्तुगीजांचा मुलूख खेळात गोव्यापुरता आहे. वसई आणि साष्टी यांना वेगळे स्थान नाही. प्रत्यक्षात चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेची सुरुवात याच पट्ट्यात झाली. मार्च 1737 मध्ये ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह, मराठ्यांनी घेतला आणि मे 1739 मध्ये वसई पडली. ठाण्यातल्या मानपाड्यावरून जाणारा रस्ता ज्या घोडबंदरचे नाव सांगतो, तिथला पोर्तुगीज किल्लाही या मोहिमेत मराठ्यांकडे आला. अर्थात हा फक्त हिंदुस्थानावरचा अन्याय नव्हे. फ्रान्सचा जवळजवळ सगळा मायदेशही खेळात एकच प्रांत आहे, त्यामुळे पॅरिस घेतले की बहुतेक फ्रान्स आयताच हाती येतो.

सगळ्यात मोठी टीका झाली ती संगणकाच्या बुद्धीवर. सुरुवातीच्या आवृत्तीत संगणकाची राज्ये जहाजांतून सैन्य नेऊन परक्या किनाऱ्यावर उतरवतच नसत. मराठ्यांच्या खेळाडूला त्यामुळे समुद्राकडून काळजीचे कारण नसे. इतिहासात मात्र मुंबईच्या इंग्रजांनी डिसेंबर 1774 मध्ये ठाणे घेतले आणि 1782 च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी त्यांच्याकडेच राहिली. ज्या शतकाचा निकाल आरमाराने लावला, त्या शतकावरच्या खेळात ही उणीव फार बोचणारी होती. 2009 मधल्याच एका दुरुस्तीने संगणकाला समुद्र ओलांडता येऊ लागला. याखेरीज मध्येच बंद पडणारा खेळ, तटाशी घोटाळणाऱ्या पलटणी, विनाकारण युद्ध पुकारणारी छोटी राज्ये आणि बाकीच्या राज्यांच्या चाली उरकेपर्यंतची लांबलचक वाट या तक्रारी होत्याच. समीक्षकांनी भरभरून गुण दिले आणि ग्राहक मात्र वैतागले, असे चित्र काही महिने राहिले.

डागडुजी दोन बाजूंनी झाली. कंपनीने दुरुस्त्या काढल्या आणि खेळाडूंमधल्या हौशी जाणकारांनी खेळाचे नियम बदलणारे ‘डार्थमॉड’सारखे जोडसंच तयार केले. 2010 मध्ये आलेल्या ‘नेपोलियन : टोटल वॉर’ने कॅनव्हास लहान केला. काळ थोडा आणि भूभाग आटोपशीर ठेवल्याने तो भाग अधिक घोटीव झाला, पण हिंदुस्थान नकाशावरून गेला आणि त्यासोबत मराठेही. 2024 मध्ये फेरल इंटरॅक्टिव्हने ‘एम्पायर’ मोबाइलवर आणला. आळीपाळीचा खेळ मोबाइलला चांगला मानवतो, कारण डोंबिवली-ठाणे लोकलच्या प्रवासातही दोन-चार चाली उरकतात आणि स्टेशन आले की डाव जसाच्या तसा थांबवता येतो. या खेळातून अठराव्या शतकातल्या सत्तांचा एकमेकांशी असलेला संबंध आणि पैसा, फौज व व्यापार यांची सांगड चांगली समजते. मराठी राज्य चालत कसे होते, हे समजायला मात्र इतिहासाचीच पुस्तके उघडावी लागतात.